लोकेशन पाठव ना!

शनिवारची रात्र, सव्वाअकरा वाजलेले. दिवसभर बाबांच्या गोळ्या, डॉक्टरांचे फोन आणि मधूनमधून ऑफिसचं काम असा सगळा गोंधळ उरकून मी जरा कुठे सोफ्यावर पाय पसरले होते. काहीतरी हलकंफुलकं बघावं म्हणून रिमोट हातात घेतला आणि मोबाइल टुणकन वाजला. आमच्या घरात सिनेमा-मालिकांचं एकच अकाउंट चौघांत चालतं. पैसे मी भरते, त्यामुळे सूचनाही मलाच येतात. मेल होता : 'तुमच्या अकाउंटमध्ये नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं आहे. ठिकाण : पणजी, गोवा.'

पणजी?

आई-बाबा आतल्या खोलीत झोपलेले. मी इथे डोंबिवलीत. म्हणजे उरला कोण? आमचा छोट्या. पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारा. दोन आठवड्यांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा एक दिवस येऊन गेला आणि 'सबमिशन आहे गं ताई' म्हणून परत पळाला. मी बिचारी घरून काम करण्याची परवानगी काढून एका हाताने लॅपटॉप आणि दुसऱ्या हाताने पथ्याचं जेवण सांभाळतेय आणि हे साहेब गोव्यात!

लावला फोन. 'कुठे आहेस?'

'हॉस्टेलवर. का गं?'

'खरं सांग.'

'अगं खरंच हॉस्टेलवर. रूममेटच्या लॅपटॉपवर मॅच बघतोय. काय झालं?'

'मग लाइव्ह लोकेशन पाठव.'

पलीकडे दोन क्षण शांतता. मग तो म्हणाला, 'नाही पाठवणार. सांगितलं ना, हॉस्टेलवर आहे.' आणि फोन कट.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या मनात काही नाही तो लोकेशन पाठवायला कशाला नाही म्हणेल? मला तरी तेव्हा असंच वाटलं. सकाळी चहा करताना आईजवळ बोलूनही टाकलं. आई काही म्हणाली नाही. फक्त गॅस बंद करायला विसरली आणि चहा उतू गेला. बाबांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण आमच्या वन बीएचकेत गुपित राहतं कुठे? दुपारी बाबांनी विचारलंच, 'त्याने परीक्षेच्या फीचे म्हणून मागितलेले पैसे खरंच भरले असतील ना गं?'

छोट्याने त्यानंतर माझा फोन उचलणं बंद केलं.

१९ मिनिटांत चेन्नई

यानंतरच्याच गुरुवारची गोष्ट. सकाळी लॉगिन केलं आणि पाच मिनिटांत वीज गेली. वीज गेली की वायफाय गेलं. मीटिंग डोक्यावर, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. थोड्या वेळाने वीज आली, वायफाय आलं, मी परत त्यावर गेले. डोंबिवलीत घरून काम करणाऱ्या कुणाच्याही आयुष्यात हे आठवड्यातून एकदा तरी होतंच. मी विसरूनही गेले.

साडेअकराला माझा लॉगिन बंद पडला. बाराला एचआरचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर एचआर मॅडम आणि माझा मॅनेजर, दोघंही गंभीर.

'तू आत्ता कुठे आहेस?'

'घरी. डोंबिवलीला.'

'सिस्टिमप्रमाणे तुझं लॉगिन ९ वाजून ३८ मिनिटांनी मुंबईतून झालंय आणि ९ वाजून ५७ मिनिटांनी चेन्नईतून.'

मला हसूच आलं. १९ मिनिटांत मी डोंबिवलीहून ठाण्याला पोचत नाही, चेन्नईला काय पोचणार! पण समोर कुणी हसत नव्हतं. आमचं काम परदेशी क्लायंटच्या आर्थिक माहितीचं. ती माहिती ठरलेल्या शहराबाहेर उघडायची नाही असा करारच असतो. असा 'अशक्य प्रवास' दिसला की सिस्टिम लाल दिवा लावते आणि अर्थ दोनच निघतात. एक तर पासवर्ड चोरीला गेला, नाही तर मी तो कुणाला तरी देऊन भलतंच काहीतरी करतेय. बरं, मी सलग दोन आठवडे घरून काम करत होते. त्यामुळे दुसऱ्या शक्यतेला जरा जास्तच जोर.

'तू घरीच होतीस याचं काही दाखवू शकशील?' मॅनेजरने विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न तोच होता. मी शनिवारी रात्री विचारला होता तो.

दुसऱ्या दिवशी लोअर परळला ऑफिसात गेले. रात्रभर विचार करून एक पुरावा शोधला होता. फोनमधली टाइमलाइन. आपण कुठल्या दिवशी कुठे होतो, किती वाजता निघालो, कुठे थांबलो, सगळं नकाशावर रेषा मारून दाखवणारी. कधीतरी फोन नवा घेतला तेव्हा 'हो, हो, पुढे' करत मीच चालू केलेली. एचआर मॅडमसमोर फोन ठेवला. गुरुवार. दिवसभर एकच ठिपका, डोंबिवली पूर्व. मॅडमनी मान डोलावली. आणि मग अगदी सहज, आपण कुणाच्या फोनमधले फोटो बघताना करतो तसं, त्यांनी बोटाने मागचा दिवस सरकवला. मग त्याच्या मागचा.

मंगळवारी संध्याकाळी मी ठाण्याला गेले होते. एका समुपदेशक बाईंकडे. बाबांच्या दुखण्यानंतर मला रात्री झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनाही नाही. नकाशावर त्या क्लिनिकचं नाव अगदी ठसठशीत दिसत होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. फोन परत देताना फक्त म्हणाल्या, 'काळजी घे हं.'

खरं सांगते, चेन्नईच्या आरोपाने मला जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं त्या 'काळजी घे'ने वाटलं.

रिक्षाचा नंबर

या सगळ्या प्रकरणात देवासारखा भेटला तो आमच्या आयटी विभागातला एक मुलगा. वय असेल चोवीस-पंचवीस. त्याने माझी केस दहा मिनिटं बघितली आणि म्हणाला, 'ताई, तुमच्याकडे केबलवाल्याचं नेट आहे का? त्याला विचारा, मागच्या आठवड्यात काही बदललं का.'

विचारलं. आमचा केबलवाला दादा खुशीत म्हणाला, 'हो मॅडम, वरची लाइन बदलली ना! स्पीड वाढला की नाही?'

झालं होतं ते असं. गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकून आपल्या घरात नेट आणणारा केबलवाला स्वतः नेट बनवत नाही. तो ते एखाद्या मोठ्या कंपनीकडून घेतो. कंपनी बदलली की आपल्याला मिळणारे आयपी नंबरही बदलतात. हे नवे नंबर पूर्वी चेन्नईत वापरले जात होते. ते मुंबईकडे आले, पण जगभरच्या याद्यांमध्ये त्यांच्यापुढे अजून चेन्नईच लिहिलेलं.

'पण आयपी म्हणजे पत्ता ना?' मी विचारलं.

'ताई, आयपी म्हणजे रिक्षाचा नंबर समजा. एमएच-०५ दिसलं की पासिंग कल्याणचं, एवढं कळतं. ती रिक्षा आत्ता कुठल्या नाक्यावर उभी आहे, आणि मुख्य म्हणजे आत कोण बसलंय, हे नंबरप्लेटवर लिहिलेलं नसतं.'

मग त्याने मला सगळा फंडा सांगितला. आशिया-पॅसिफिक भागातले आयपी नंबर वाटण्याचं काम एपनिक ही संस्था करते, तिचं ऑफिस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिच्या नोंदीत नंबरांचा गठ्ठा कुठल्या कंपनीला दिला ते असतं. तो नंबर डोंबिवलीच्या कुठल्या सोसायटीत गेला, ते नसतं. मग खासगी कंपन्या या नोंदी, नेटवर्कचा वेग, लोकांच्या फोनकडून येणारी माहिती असं काय काय एकत्र करून अंदाज बांधतात आणि त्याच्या याद्या विकतात. देश बहुतेक वेळा बरोबर निघतो. शहर म्हटलं की अंदाजाचा खेळ सुरू होतो.

त्यात जुन्या पद्धतीचे आयपी नंबर जगात मिळून आहेतच सुमारे ४३० कोटी. एपनिककडचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला लागला आणि तेव्हापासून नवे नंबर रेशनवर मिळतात. म्हणून कंपन्या एकाच नंबरवर अनेक घरं बसवतात. म्हणजे रिक्षासुद्धा शेअरची! एकच नंबर, आत सगळे अनोळखी प्रवासी.

घरी जाताना लोकलमध्ये उत्सुकता म्हणून मी खेळच केला. स्वतःचा आयपी कुठला दिसतो ते बघायचा. ऑफिसच्या वायफायवर निघताना बघितलं होतं, तर मी बंगळुरूला होते, कारण आमच्या कंपनीचं सगळं ट्रॅफिक मुख्य ऑफिसातून फिरून येतं. मोबाइल डेटावर मी मुंबईत. घरी पोचून वायफाय लावलं, पुन्हा चेन्नई. एका संध्याकाळी तीन शहरं, तेही सेकंड क्लासच्या पासावर!

आणि मग घराच्या दारातच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पणजी!

आयटीतल्या मुलाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, 'तुमचा भाऊ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आणि बाकीचा महाराष्ट्र अधिक गोवा मिळून एक सर्कल. त्यामुळे पुण्यातल्या मोबाइलपुढे पणजी लिहिलेलं दिसू शकतं.'

मी जिन्यातच बसले.

नंबरप्लेट बघून पकडलेली माणसं

माझं नशीब बरं, प्रकरण एचआरवरच थांबलं. तीन दिवसांनी 'इश्यू क्लोज्ड' असा एका ओळीचा मेल आला. ज्यांचं तिथे थांबलं नाही, त्यांच्या गोष्टी मी नंतर वाचत बसले.

ऑगस्ट २००७. ऑर्कुटचे दिवस. शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी आयपी नंबरावरून बंगळुरूतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला अटक केली. तो सांगत राहिला, मी काही केलेलं नाही. पण कागदावर आयपी होता आणि आयपीपुढे त्याचं नाव. तब्बल ५० दिवस तुरुंगात काढल्यावर उलगडलं की इंटरनेट कंपनीने दिलेला तपशीलच चुकीचा होता. तो आयपी त्या वेळी त्याचा नव्हताच. तुमच्या-माझ्यासारखा नोकरी करणारा मुलगा. एका चुकीच्या ओळीने ५० दिवस आत.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला. आयपीचा माग काढत पोलिस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचले. तिथे राहत होता एक अमेरिकन. मेल त्याच्या वायफायवरून गेला होता, पण पाठवणारे वेगळेच होते. त्याच मालिकेतले पुढचे मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. या वेळी नंबर बरोबर होता, पत्ताही बरोबर होता. फक्त माणूस चुकीचा! जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरत होती.

आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराची गोष्ट तर ऐकाच. आयपीच्या याद्या विकणाऱ्या एका कंपनीला ज्या नंबरांबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत होतं, ते सगळे तिने देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकून दिले. तो बिंदू नेमका पॉटविन गावाजवळच्या एका शेतात. ६० कोटींहून जास्त आयपी नंबर एका शेतघराच्या नावावर! मग काय, अनेक वर्षं तिथे पोलिस, करखात्याची माणसं, फसवले गेलेले संतापलेले लोक येऊन धडकत राहिले. तिथल्या वयस्कर मालकीणबाईंना कळेचना, आपण असं केलंय तरी काय! २०१६ मध्ये एका पत्रकार बाईने हे उघडकीला आणलं, तेव्हा कुठे कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

मला यातली खटकलेली गोष्ट एकच. यातली यंत्रं तशी प्रामाणिक होती. त्यांनी अंदाज सांगितला. त्या अंदाजाला पुरावा बनवलं ते माणसांनी. जसं मी बनवलं.

खरी माहिती खिशात

गंमत बघा. आयपी माझ्याबद्दल चुकीचं सांगत होता आणि सगळे त्यावर विश्वास ठेवत होते. आणि माझ्याबद्दलची अगदी खरी माहिती, क्लिनिकच्या नावासकट, मी स्वतःच खिशात घेऊन फिरत होते. फोन नुसत्या आयपीवर अवलंबून राहत नाही. जीपीएस आहे, मोबाइलचे टॉवर आहेत, आजूबाजूच्या वायफायची नावं आहेत. लोकेशनची परवानगी दिलेल्या ॲपला आपण कुठल्या बिल्डिंगजवळ आहोत तेही कळतं.

मग व्हीपीएन लावावं का? मीही विचारलं. वेबसाइटपासून आयपी लपतो, हे खरं. पण मग आपण कुठे कुठे जातो ते व्हीपीएनवाल्याच्या हातून जातं. एप्रिल २०२२ मध्ये सरकारच्या सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलले आणि सिंगापूरसारख्या ठिकाणांहून 'भारतीय' आयपी द्यायला सुरुवात केली. म्हणजे 'भारत' लिहिलेला नंबर, आणि मशीन सिंगापुरात. घ्या! शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर न विचारता व्हीपीएन टाकलंत तर एचआरचा कॉल नक्की.

या प्रकरणानंतर मी मात्र काही गोष्टी बदलल्या. तुम्हीही हे एवढं कराच :

ॲपला लोकेशन देताना 'नेमकं' की 'अंदाजे' हा पर्याय बघा. आयफोनमध्ये तो २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून आहे. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला नेमकं लागतं. बातम्यांच्या आणि कपड्यांच्या ॲपला आपल्या घराचं दार कशाला?

टाइमलाइन नको असेल तर बंद करा, जुनं पुसून टाका.

घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदला. सानपाडा आठवा.

अनोळखी लॉगिनची सूचना आली तर दुर्लक्ष करू नका. पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. फक्त शहराचं नाव वाचून लगेच कुणाचं नाव घेऊ नका.

आणि कधी पुरावा द्यायची वेळ आलीच, तर फोन हातात देऊ नका. त्या दिवसाचा स्क्रीनशॉट द्या किंवा नेटवाल्याकडून लेखी घ्या. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलंय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. पण मागचा दिवस सरकवणारं बोट थांबवायला कोर्ट येत नाही. 'एवढंच बघा हं' हे आपल्यालाच म्हणावं लागतं.

पुण्याची गाडी

रविवारी आईने दिलेले बेसनाचे लाडू घेऊन कल्याणहून सकाळची गाडी पकडली. छोट्याला कळवलं नव्हतं. हॉस्टेलच्या गेटवर उभी राहून फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला, 'गेटवर आहे. माफी मागायची आहे.'

आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. सबमिशन खरंच होतं तर! कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी त्याला सगळं सांगितलं. चेन्नई, एचआर, सर्कल, शेअर रिक्षा. समुपदेशक बाईंचंही सांगितलं. घरात सगळ्यात पहिल्यांदा त्यालाच.

तो ऐकत होता. मग म्हणाला, 'ताई, लोकेशन पाठवायला मला एक सेकंद लागला असता. पण मग तू माझ्यावर नाही, त्या ठिपक्यावर विश्वास ठेवला असतास. आणि पुढच्या वेळी परत मागितलं असतंस.'

मी काय बोलणार? लाडवाचा डबा पुढे सरकवला.

'आणि बाबांना काय वाटलं गं?' त्याने विचारलं. त्याचा आवाज एवढ्यात पहिल्यांदाच हलला. मी तिथूनच घरी फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं. चूक माझी, हेसुद्धा. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'त्याला दे.' दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी चहाचे पैसे द्यायला उठून गेले होते.

परवा रात्री छोट्याचा फोन आला. बाहेर होता, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

'कुठे आहेस रे?' माझ्या तोंडून सवयीने गेलंच.

'लोकेशन पाठवू?' तो हसत म्हणाला.

'नको,' मी म्हटलं. 'जेवलास का, ते सांग.'